अडगळ कोणी काढायची? बिल्डरूटच्या साफसफाईचा इतिहास

१/
१९७६ साली अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ नावाचे एक छोटे साधन लिहिले. एखादा प्रोग्राम अनेक फायलींचा बनलेला असेल, तर त्यांपैकी कोणती फाइल बदलली आणि तिच्यामुळे काय काय पुन्हा कंपाइल करावे लागेल, हे ठरवण्याचे काम ‘मेक’ करते. त्याचे नियम ‘मेकफाइल’मध्ये लिहितात. या फायलीत आज्ञेची प्रत्येक ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. टॅबऐवजी आठ स्पेस दिल्या तर डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही; ‘मेक’ मात्र अडून बसते.

२/
ही खोड काही आठवड्यांतच ध्यानात आली होती. फेल्डमन यांनीच पुढे सांगितले आहे की, तोवर साधन वापरणारे दहा-बारा जण झाले होते, त्यांतले बहुतेक मित्रच. त्यांचे चालते काम मोडू नये म्हणून टॅब तसाच राहू दिला. त्या दहा-बारा मित्रांची गैरसोय वाचली. तिची भरपाई पुढची जवळजवळ पन्नास वर्षे जगभरचे प्रोग्रामर करत आले आहेत. सॉफ्टवेअरमधील साफसफाई कधी करायची, कोणी करायची आणि कोणाच्या गैरसोयीवर करायची, हा प्रश्न इतका जुना आहे. ‘मेक’च्याच पायावर उभ्या राहिलेल्या ‘बिल्डरूट’ या मुक्तस्रोत प्रकल्पाने तो कसा सोडवला, त्याचा हा धागा.

३/
प्रथम थोडी पार्श्वभूमी. घरातील वायफाय राउटर, केबलचा सेट-टॉप बॉक्स, कारखान्यातील नियंत्रक यंत्र यांच्या पोटात एक लहानसा संगणक असतो. अशा संगणकाला ‘एम्बेडेड’ म्हणतात. त्यातील अनेकांवर लिनक्स चालते. पण त्यांची स्मृती तुटपुंजी आणि प्रोसेसर वेगळ्या जातीचा, त्यामुळे त्यांच्यासाठीचे सॉफ्टवेअर मोठ्या संगणकावर तयार करून मग त्यांच्यात भरावे लागते. यालाच क्रॉस-कंपायलेशन म्हणतात.

४/
हे काम हाताने करणे म्हणजे दिव्यच. आधी त्या प्रोसेसरसाठीचा कंपायलर बांधायचा, मग सी भाषेची मूलभूत लायब्ररी, मग कर्नल, मग एकेक प्रोग्राम त्याच्या अवलंबनांसह. शेवटी हे सारे एका फाइलप्रणालीत रचायचे. तिला ‘रूट फाइलसिस्टिम’ म्हणतात. या साखळीतील प्रत्येक पायरी स्वयंचलित करणारी व्यवस्था म्हणजे बिल्ड प्रणाली. बिल्डरूट हे नावही तेवढेच सांगते : रूट बांधणारे.

५/
बिल्डरूटचा जन्म २००१ मधला, आणि तोही दुय्यम हेतूने झालेला. एरिक अँडरसन आणि त्यांचे सहकारी तेव्हा ‘यूसीलिब्सी’ ही लहान यंत्रांसाठीची सी लायब्ररी घडवत होते. लायब्ररी एकटी चालवून पाहता येत नाही; तिच्यावर खरेखुरे प्रोग्राम बांधून ते चालतात का हे तपासावे लागते. त्या तपासणीसाठी जी मांडणी केली, ती बिल्डरूट. इमारत बांधताना भोवती परांची उभारतात, तसा हा प्रकार होता. परांचीवर कायमचे राहायला कोणी येईल, असे ती बांधणाऱ्यांच्या मनातही नसावे.

६/
लोक राहायला आले. डिसेंबर २००२ मध्ये लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर बाजारात आला. त्याच्या आत लिनक्स आहे हे जाणकारांनी शोधून काढले. लिनक्सचा जीपीएल परवाना सांगतो की, यंत्र विकणाऱ्याने त्यातील सोर्स कोडही द्यावा. त्या दबावाखाली २००३ मध्ये कोड खुला झाला, आणि जानेवारी २००४ मध्ये त्या कोडमधून ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प सुरू झाला. त्याची पहिली बांधणी यूसीलिब्सीच्या बिल्डरूटवरच केलेली होती. चाचणीपुरते केलेले साधन आता घराघरांतील यंत्रांपर्यंत पोहोचू लागले होते.

७/
येथून पडझडीचा काळ सुरू होतो. २००५ ते २००८ या वर्षांत बिल्डरूट वापरणारे वाढत गेले आणि त्याची गुणवत्ता उतरत गेली. प्रकल्पाला अधिकृत मेंटेनर नव्हता. स्थिर आवृत्ती प्रसिद्ध होत नसे. त्या दिवशी कोड ज्या अवस्थेत असेल, त्याचा तयार गठ्ठा उतरवून घ्यायचा. आज बांधले गेलेले उद्या बांधले जाईलच याची शाश्वती नाही. ज्याला जे बोर्ड वा जे पॅकेज हवे, ते त्याने आणून ठेवावे. जुने काढण्याचा अधिकार कोणाकडेच नाही, आणि म्हणून जबाबदारीही कोणाची नाही. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही, असा सामाईक वाड्याचा कारभार.

८/
अडगळीचे स्वरूप नेमके काय होते, ते पाहिल्याशिवाय पुढील निर्णयांचे मोल कळणार नाही. बिल्डरूटमध्ये प्रत्येक पॅकेजला ‘डॉट एमके’ विस्ताराची एक मेकफाइल असते. त्या काळी त्या फायलीत सगळे हाताने लिहिलेले असे : कोड कुठून उतरवायचा, गठ्ठा कसा सोडायचा, पॅच कसे लावायचे, जुळवणी, बांधणी, स्थापना. प्रत्येक पायरी पूर्ण झाली की खूण म्हणून एक रिकामी फाइल ठेवायची, म्हणजे पुढल्या वेळी ‘मेक’ ती पायरी वगळेल.

९/
नवे पॅकेज आणणारा माणूस हे सारे नव्याने थोडेच लिहिणार? तो शेजारच्या पॅकेजची फाइल उचलायचा, नाव बदलायचा आणि आपले काम भागवायचा. मूळ फाइलमध्ये चूक असेल तर तीही सोबत यायची. आपल्याकडे पोथ्यांच्या नकला होताना एका लेखनिकाचा प्रमाद पुढच्या साऱ्या प्रतींत उतरत असे, आणि अभ्यासक त्यावरूनच कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली हे ओळखतात. येथे तेच झाले होते; फरक एवढाच की पोथीतील चूक वाचकाला अडखळवते, इथली चूक बांधणीच बंद पाडत असे. एक दोष दुरुस्त करायचा म्हणजे त्याच्या सगळ्या नकला एकेक करून गाठायच्या.

१०/
अशा घराचे करायचे काय? जवळपास त्याच काळात तीन कुळांनी तीन वेगळी उत्तरे दिली.

ओपनडब्ल्यूआरटीने घर सोडले. जुन्या रचनेवरील ‘व्हाइट रशियन’ ही मालिका चालू ठेवून त्यांनी बांधणीची सारी यंत्रणा बाजूला नव्याने लिहिली. तीवर आधारलेली ‘कामिकाझे’ ही आवृत्ती २००७ मध्ये आली. मूळ बिल्डरूटशी तिचे नाते आडनावापुरतेच उरले. नवे घर बांधणाऱ्यांना जुन्या भिंतींचा जाच राहत नाही, हे खरे. पण मागे राहिलेल्या घराची अवस्था त्याने सुधारत नाही, हेही तितकेच खरे.

११/
‘ओपनएम्बेडेड’चे उत्तर निराळे होते. शार्प कंपनीच्या झॉरस या हाती धरायच्या संगणकासाठी झटणाऱ्या मंडळींमधून २००३ मध्ये हा प्रकल्प उभा राहिला. पुढे एकाच भांडारात हजारो पाककृती साचल्या. तेथे पॅकेजच्या फाइलला ‘रेसिपी’च म्हणतात. २०१० मध्ये लिनक्स फाउंडेशनने ‘योक्टो’ प्रकल्प जाहीर केला, आणि २०११ मध्ये दोघांनी मिळून निवडक, तपासलेला गाभा वेगळा काढला. बाकीचे निरनिराळ्या थरांत वाटले गेले. जुन्या भांडाराला ‘क्लासिक’ हे भारदस्त नाव देऊन निवृत्त करण्यात आले. माळ्यावरचे सामान आवरण्यापेक्षा लागेल तेवढेच नव्या घरात न्यायचे, अशी ही रीत.

१२/
बिल्डरूटने तिसरा मार्ग धरला, आणि तो सर्वांत कंटाळवाणा होता : राहत्या घराचीच डागडुजी, तीही रहिवाशांना बाहेर न काढता. २००८ च्या अखेरीस हालचाल सुरू झाली. जानेवारी २००९ मध्ये पीटर कोर्सगार्ड अधिकृत मेंटेनर झाले. पुढच्याच महिन्यात २००९.०२ ही पहिली स्थिर आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्यानंतर दर तीन महिन्यांनी, फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या क्रमांकाने, आवृत्त्या निघत राहिल्या.

१३/
या ठिकाणी थोडे थांबावे लागेल, कारण या साफसफाईचे नियोजन निर्णयांच्या क्रमातूनच वाचता येते. अडगळ तशीच असताना पहिली गोष्ट ठरली ती तारीख. वरवर पाहता हे उलटे वाटते. घर अस्ताव्यस्त असताना पाहुण्यांना आमंत्रण कशाला? पण तारीख ठरल्यामुळे मोडतोडीला कुंपण पडले. नवे बदल करण्याचे काही आठवडे, मग केवळ दुरुस्त्यांचे काही आठवडे, मग आवृत्ती. एखादा मोठा बदल या खेपेस जमला नाही, तर तीन महिन्यांनी पुन्हा संधी होतीच. आणि वापरणाऱ्याला प्रथमच पाय टेकायला जागा मिळाली : नवे बिघडले तर मागची आवृत्ती शाबूत होती.

१४/
दुसरा निर्णय नकलांच्या रोगावर. ऑटोटूल्सवर बांधल्या जाणाऱ्या पॅकेजांसाठी एक सामाईक साचा आधीच येऊन गेला होता. २००९ च्या सुमारास, फ्रान्समधील फ्री इलेक्ट्रॉन्स (आताची बूटलिन) या संस्थेतील तोमा पेताझोनी यांच्या पुढाकाराने, कोणत्याही पॅकेजला चालेल असा सर्वसाधारण साचा तयार झाला. आता उतरवणे, सोडणे, पॅच लावणे आणि खुणेच्या फायली ठेवणे हे सारे एकाच ठिकाणी लिहिलेले. पॅकेजच्या फाइलने एवढेच सांगायचे : माझी आवृत्ती ही, माझा पत्ता हा, माझ्या आधी अमुक पॅकेजे बांधा. लांबलचक फाइल दहा-पंधरा ओळींवर आली, आणि शेवटच्या एका ओळीत साच्याला हाक मारली की काम झाले.

१५/
साचा लिहिणे हा त्यातला बुद्धीचा आणि म्हणून आनंदाचा भाग. खरे कष्ट पुढे होते. जुन्या पद्धतीची शेकडो पॅकेजे एकेक करून साच्यात बसवायची होती. प्रत्येक फाइलमध्ये काही विचित्र ओळी असत आणि दर वेळी तोच प्रश्न पडे : ही ओळ कोणाच्या खऱ्या अडचणीतून आली, की नकलेतून? चुकून गरजेची ओळ गेली, तर कोणत्या तरी देशातील कोणत्या तरी बोर्डावरची बांधणी मोडणार, आणि ते कदाचित दोन महिन्यांनी कळणार. ही धर्मांतरे काही वर्षे चालली. प्रकल्पाच्या गिट-इतिहासात त्यांची ओळीने नोंद आहे : अमुक पॅकेज साच्यात आणले, तमुक आणले, पुन्हा अमुक. पेशवे दप्तरातील रोजकीर्द वाचण्याची सवय असलेल्या अभ्यासकालाच ती नोंदवही रंजक वाटेल. पण प्रकल्प वाचला तो या नोंदींतूनच.

१६/
एका गोष्टीचे श्रेय वेगळे द्यायला हवे. जुना आणि नवा प्रकार दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदू दिले गेले. सगळी पॅकेजे बदलल्याशिवाय आवृत्ती नाही, असा हट्ट धरला असता, तर तीन महिन्यांची तारीख पहिल्याच वर्षी मोडली असती. पुढे २०१२ मध्ये, साचे रुळल्यावर, त्यांची अवघड नावेही बदलून ‘जेनेरिक-पॅकेज’, ‘ऑटोटूल्स-पॅकेज’, ‘सीमेक-पॅकेज’ अशी सुबोध नावे देण्यात आली. नाव बदलण्याचे काम सर्वांत शेवटी ठेवण्यात शहाणपण होते. एरवी उत्साही सुधारक तिथूनच सुरुवात करतात.

१७/
तिसरे काम पहाऱ्याचे. बिल्डरूटमध्ये निवडीचे पर्याय इतके की सर्व संयोग तपासणे मनुष्यशक्तीच्या पलीकडचे. म्हणून स्वयंसेवकांच्या संगणकांवर अहोरात्र यदृच्छया निवडलेल्या जुळवण्या बांधल्या जाऊ लागल्या. फसलेल्या बांधण्यांची यादी रोज टपालाने सर्वांपुढे येई. ‘माझ्याकडे तर चालते’ या प्रोग्रामरांच्या सनातन उत्तराला त्यामुळे किंमत उरली नाही. पण यादी सर्वांना आली की ती कोणालाच आलेली नसते. २०१६ मध्ये ‘डेव्हलपर्स’ नावाची साधी मजकूर-फाइल आली. तिच्यात कोणते पॅकेज कोण सांभाळतो हे लिहिलेले असते. तेव्हापासून बिघाडाची चिठ्ठी नेमक्या माणसाच्या दारात जाऊ लागली.

१८/
आता सर्वांत नाजूक भाग : काढून टाकणे. नोव्हेंबर २०१२ च्या आवृत्तीपासून बिल्डरूटने यंत्रावरच चालणाऱ्या कंपायलरचा आधार बंद केला. त्याआधी बोर्डमध्येच कंपायलर बसवून तेथल्या तेथे प्रोग्राम बांधण्याची सोय होती. ती वापरणारे लोक होते, आणि त्यांच्या हातातील वस्तू काढून घेतली गेली, हे झाकण्यात अर्थ नाही. मात्र प्रकल्पाने कारणे आपल्या माहितीपुस्तिकेतच लिहून ठेवली. ही सोय कोणी सांभाळत नव्हते, तपासत नव्हते, आणि ती वारंवार मोडत असे. शिवाय ती बिल्डरूटने स्वतः बांधलेल्या कंपायलरबाबतच मिळे. ज्या लहान यंत्रांसाठी हा प्रकल्प आहे, त्यांच्यावर कंपायलर चालवण्यात तथ्य नव्हते. आणि मोठ्या संगणकावर बांधणे सुकर करणे हाच प्रकल्पाचा हेतू होता.

१९/
या चार कारणांपैकी शेवटचे सर्वांत महत्त्वाचे मानावे लागते. पहिली तीन कारणे ‘आम्हाला जमत नाही’ असे सांगतात. चौथे ‘हे आमचे काम नव्हे’ असे सांगते. २००१ ते २००८ या काळात बिल्डरूटला आपले काम कोणते हे सांगणारा आवाजच नव्हता, म्हणून ‘नाही’ म्हणताही येत नव्हते. त्याच आवृत्तीपासून यंत्रावर ठेवल्या जाणाऱ्या हेडर फायली आणि माहितीपाने यांनाही रजा देण्यात आली. यंत्रावर नवी पॅकेजे उतरवून बसवण्याची व्यवस्था द्यावी, ही मागणीही पुन्हा पुन्हा येते, आणि तिलाही कारणांसह नकार मिळतो. तशी व्यवस्था हवी असणाऱ्यांना ओपनडब्ल्यूआरटी आणि योक्टो खुले आहेतच.

२०/
काढलेल्या गोष्टींची एक नोंदवहीही ठेवली गेली. एखादा पर्याय रद्द झाला वा त्याचे नाव बदलले, की तो ‘लेगसी’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये, कोणत्या आवृत्तीत गेला या मथळ्याखाली आणि काय झाले याच्या खुलाशासह लिहिला जातो. चार वर्षांपूर्वीची जुळवणी घेऊन कोणी नवी आवृत्ती बांधू लागला, तर बांधणी मुकाट्याने पुढे जात नाही. ती थांबते आणि सांगते की तुमच्या यादीतील अमुक गोष्ट आता येथे नाही. तिचे काय करायचे ते ठरवून पुन्हा या. क्षणभर त्रास होतो. पण राउटरमधून एखादे पॅकेज गुपचूप गळून पडले आणि ते ग्राहकाच्या घरी गेल्यावर कळले, यापेक्षा तो त्रास परवडला. फेल्डमन यांच्या दहा-बारा मित्रांना अशी एक चिठ्ठी पाठवता आली असती, तर टॅबचे काय झाले असते, हा मनोरंजक प्रश्न आहे.

२१/
साफसफाईचा एक धागा न्यायालयापर्यंतही जातो. एरिक अँडरसन हे ‘बिझीबॉक्स’ या प्रोग्रामसंचाचेही एक कर्ते. २००७ मध्ये त्यांनी आणि रॉब लँडली यांनी मान्सून मल्टिमीडिया या कंपनीविरुद्ध जीपीएल न पाळल्याबद्दल अमेरिकेत दावा लावला. त्या देशातील अशा प्रकारचा हा पहिला दावा. तो त्याच वर्षी समेटाने मिटला. यंत्रे विकणाऱ्यांना त्यातून उमगले की, आपल्या यंत्रात कोणत्या परवान्याचा कोणता कोड आहे याची यादी हाताशी हवी. २०१२ मध्ये बिल्डरूटमध्ये एका आज्ञेसरशी अशी यादी, परवान्यांचा मजकूर आणि सोर्स कोड गोळा करून देणारी सोय आली. प्रत्येक पॅकेज एकाच साच्यात आणण्याचे काम तोवर पुष्कळ पुढे गेले होते, म्हणूनच ती शक्य झाली. पॅकेजागणिक वेगळी फाइल असती तर परवाना कुठे लिहायचा इथपासून वाद झाला असता.

२२/
घर सोडून गेलेल्यांचे पुढे काय झाले? ओपनडब्ल्यूआरटीची यंत्रणा उत्तम होती; पण कारभार कसा चालवायचा हा प्रश्न तिथेही उभा राहिलाच. निर्णय पारदर्शक नाहीत, आवृत्त्या नियमित नाहीत, अशा तक्रारी करत मे २०१६ मध्ये अनेक मुख्य विकसक ‘लेडी’ या नावाने वेगळे झाले. जानेवारी २०१८ मध्ये दोन्ही घरे पुन्हा एक झाली. नाव ओपनडब्ल्यूआरटीचे राहिले आणि नियम बहुतांशी लेडीचे. कोड नव्याने लिहून झाल्यावरही नऊ वर्षांनी त्यांना तारखा आणि अधिकार यांच्याच प्रश्नाकडे यावे लागले, जिथून बिल्डरूटने २००९ मध्ये सुरुवात केली होती.

२३/
२०१७.०२ पासून बिल्डरूटने दरवर्षीची एक आवृत्ती वर्षभर सुरक्षा-दुरुस्त्यांसह सांभाळण्याचे वचन दिले. पॅकेजांची संख्या आज दोन हजारांवर गेली आहे, आणि वर्षातून दोनदा, एरवी ब्रुसेल्सच्या फॉसडेम मेळाव्याला लागून आणि युरोपातील एम्बेडेड लिनक्स परिषदेच्या सुमारास, विकसक प्रत्यक्ष भेटतात. तेव्हा एका खोलीत बसून साचलेले पॅच निकाली काढणे हे त्यांचे एक मुख्य काम असते.

२४/
२०१७ मध्येच पॅकेजच्या फायली नियमांत बसतात की नाही हे तपासणारे ‘चेक-पॅकेज’ नावाचे एक लहान साधन भांडारात दाखल झाले. ओळीच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा ते दाखवून देते, नको त्या रिकाम्या ओळी दाखवून देते. आणि जिथे टॅब हवा तिथे कोणी स्पेस दिल्या असतील, तर तेही सांगते.